विश्लेषण : चांगल्या फोटोसाठी जागा महत्त्वाची की वेळ? योसेमिटीला जगभर पोहोचवणारे ॲन्सेल ॲडम्स कोण होते?

ॲपलने २०१४ मध्ये मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमला ‘योसेमिटी’ हे नाव दिले. २०१५ मध्ये ‘एल कॅपिटन’ आले, २०१६ मध्ये ‘सिएरा’. लॅपटॉप उघडल्यावर दिसणारे ते कडे आणि ती शिखरे कुठली, हे अनेकांना तेव्हा माहीतही नव्हते. ही सगळी नावे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतली. ‘आयुष्यात एकदा तरी फोटो काढावा अशा जागा’ या प्रकारच्या जवळपास प्रत्येक यादीत योसेमिटी असतेच. सॅन फ्रान्सिस्को परिसरात नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या फेसबुक अल्बममध्येही तो एक फोटो हमखास सापडतो : डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मागे हाफ डोम.

हे दृश्य कृष्णधवल रूपात जगाच्या मनावर ठसवणारा माणूस म्हणजे ॲन्सेल ॲडम्स. त्यांच्या निधनाला चार दशके उलटून गेली. ही जागा जपली जावी म्हणून त्यांनी फोटो काढले आणि ते फोटो पाहून लोक तिथे येत राहिले. ॲडम्स यांच्या कामाकडे आज पाहताना हा पेच टाळता येत नाही.

नाक मोडलेला, शाळेत न रमणारा मुलगा

ॲन्सेल ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. एप्रिल १९०६ मध्ये या शहरात मोठा भूकंप झाला. मुख्य धक्क्यातून चार वर्षांचा ॲन्सेल सुखरूप वाचला, पण नंतरच्या एका धक्क्याने तो बागेच्या भिंतीवर आदळला आणि त्याचे नाक मोडले. ते पुढे कधीच सरळ केले गेले नाही. म्हातारपणीच्या त्यांच्या प्रत्येक छायाचित्रात वाकडे नाक दिसते ते यामुळे.

आजोबांचा लाकडाचा मोठा व्यवसाय होता. १९०७ च्या आर्थिक संकटात घराची श्रीमंती ओसरली. झाडे तोडून उभ्या राहिलेल्या घरातला मुलगा पुढे झाडे वाचवण्यासाठी वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारणार होता, हा योगायोग मोठा मजेशीर.

ॲन्सेल शाळेत रमत नव्हता. एका जागी बसणे त्याला जमत नसे. वडील चार्ल्स यांनी त्याला शाळेतून काढले आणि घरी शिकवायला सुरुवात केली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी मुलाला वर्षभराचा पासच काढून दिला. तीच त्या वर्षाची शाळा. त्याआधी साधारण बाराव्या वर्षी हा मुलगा स्वतःहून पियानो वाजवायला शिकला होता आणि आपण पियानोवादक होणार हे त्याने ठरवून टाकले होते. पुढे १९३० च्या सुमारापर्यंत ॲडम्स यांचा हा निश्चय कायम होता. फोटोग्राफी हा तोवर त्यांच्या लेखी छंद होता.

१९१६ च्या उन्हाळ्यात नेमके काय झाले?

आजारपणात अंथरुणावर पडून असताना ॲन्सेलच्या हाती जेम्स हचिंग्ज यांचे सिएरावरचे पुस्तक पडले. ते वाचून त्याने योसेमिटीला जाण्याचा हट्ट धरला. जून १९१६ मध्ये ॲडम्स कुटुंब तिथे पोहोचले आणि आईवडिलांनी चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात कोडॅकचा ब्राउनी बॉक्स कॅमेरा ठेवला. कॅमेरा कसला, पुठ्ठ्याचा डबाच तो, एक भिंग आणि एक खटका असलेला. एका मोडक्या बुंध्यावर चढून हाफ डोमचा फोटो काढताना तो बुंधा ढासळला, मुलगा उलटा पडला आणि पडता पडता खटका दाबला गेला. रोल धुतल्यावर त्यातला एक फोटो उलटा निघाला.

त्यानंतर मृत्यूपर्यंत ते दरवर्षी योसेमिटीला जात राहिले. फोटोसाठी प्रेरणा देणाऱ्या जागांची चर्चा होते तेव्हा नवनव्या ठिकाणांची नावे पुढे येतात. ॲडम्स यांच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. त्यांनी अमेरिकेतली अनेक राष्ट्रीय उद्याने पालथी घातली हे खरे, पण त्यांची नजर तयार झाली ती एका खोऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊन. १९१९ मध्ये ते सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेत दाखल झाले. १९२० पासून काही उन्हाळे त्यांनी खोऱ्यातल्या क्लबच्या इमारतीचे राखणदार म्हणून काढले. सराव करायला पियानो हवा होता, तो तिथल्या हॅरी बेस्ट या चित्रकाराच्या स्टुडिओत मिळाला. तिथेच बेस्ट यांची मुलगी व्हर्जिनिया भेटली. १९२८ मध्ये दोघांचे लग्न त्याच स्टुडिओत झाले. वडिलांनंतर स्टुडिओ व्हर्जिनिया यांच्याकडे आला आणि आज तो ‘ॲन्सेल ॲडम्स गॅलरी’ या नावाने त्याच खोऱ्यात सुरू आहे.

दोन काचा उरल्या होत्या

१० एप्रिल १९२७. ॲडम्स, व्हर्जिनिया आणि काही मित्र बर्फ तुडवत ‘डायव्हिंग बोर्ड’ नावाच्या कड्यावर चढले. पाठीवर लाकडी व्ह्यू कॅमेरा, ट्रायपॉड आणि १२ काचेच्या निगेटिव्ह प्लेट्स. समोर हाफ डोमची हजारो फूट सरळ उतरलेली भिंत. वाटेतच बऱ्याच प्लेट्स खर्ची पडल्या होत्या. काही वाया गेल्या. वर पोहोचून ऊन भिंतीवर येईपर्यंत हातात फक्त दोन प्लेट्स उरल्या.

पहिली प्लेट त्यांनी नेहमीच्या पद्धतीने, पिवळा फिल्टर लावून वापरली. खटका दाबून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की निगेटिव्हमध्ये येणार आहे ती फिकट आकाशासमोरची एक राखाडी भिंत. डोळ्यांसमोर उभा असलेला दरारा त्यात येणार नाही. मग त्यांनी शेवटच्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. आकाशाचा प्रकाश प्रामुख्याने निळा असल्याने ते जवळजवळ काळे उमटते आणि उन्हातला खडक व बर्फ उजळ राहतात. फिल्टरमुळे बराच प्रकाश अडतो, म्हणून ५ सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागले. वारा आला असता तर लाकडी कॅमेरा हलला असता आणि शेवटची प्लेटही गेली असती.

‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ हा तो फोटो. खटका दाबण्याआधी अंतिम प्रिंट मनात पूर्ण पाहायची आणि मग तांत्रिक गोष्टी त्या प्रिंटच्या दिशेने वळवायच्या, ही ॲडम्स यांची पद्धत इथून सुरू झाली. तिला ते व्हिज्युअलायझेशन म्हणत. आज मोबाइलमध्ये फोटो काढून झाल्यावर फिल्टर निवडला जातो. त्यांच्याकडे निवड आधी करावी लागे आणि ती चुकली तर परतीचा रस्ता नव्हता.

फोटोतले आकाश खरे होते का? नव्हते. त्या दुपारी आकाश काळे नव्हतेच. ॲडम्स हे लपवतही नसत. मात्र ‘जसे दिसले तसे टिपणारा फोटोग्राफर’ अशी जी त्यांची ओळख अनेकदा करून दिली जाते, ती या एका फोटोपुढेही टिकत नाही.

एफ/६४ आणि झोन सिस्टीम म्हणजे काय?

त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे धूसर, चित्रासारखा दिसणारा फोटो, असा समज होता. १९३२ मध्ये ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक आदींनी याविरोधात एक गट स्थापला आणि नाव ठेवले ‘एफ/६४’. कॅमेऱ्याच्या भिंगाचे तोंड अगदी बारीक केले की जवळच्या गवतापासून दूरच्या शिखरापर्यंत सगळे स्पष्ट येते. मोठ्या कॅमेऱ्यांवर अशा बारीक छिद्राचा आकडा म्हणजे एफ/६४.

झोन सिस्टीम त्यानंतरची, १९४० च्या सुमाराची. लॉस एंजेलिसमधल्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना फ्रेड आर्चर यांच्यासोबत ती बांधली गेली. दाट काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे शून्य ते दहा असे ११ भाग पाडायचे. समोरच्या दृश्यातला कोणता भाग कोणत्या छटेत यायला हवा ते ठरवायचे आणि त्यानुसार एक्स्पोजर व निगेटिव्ह धुण्याचा वेळ निश्चित करायचा. डिजिटल कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर ठरवणारे लोक आज बहुतांश हेच करतात, फक्त आकडेमोड यंत्र करते.

मीटर सापडेना, चंद्र मात्र वर आला

ही आकडेमोड डोक्यात किती मुरली होती, याचा किस्सा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या छोट्या गावाचा आहे. १९४१ च्या शरद ऋतूत ॲडम्स अमेरिकी गृह विभागाच्या भित्तिचित्र प्रकल्पासाठी फिरत होते. सोबत लहान मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवस वाया गेला होता, मनासारखे काहीच मिळाले नव्हते. परतीच्या वाटेवर डावीकडे दिसले : ढगांच्या पट्ट्यावर उगवलेला चंद्र, खाली चर्च, त्यापुढे दफनभूमीतले पांढरे क्रूस आणि त्यांच्यावर मावळतीचे शेवटचे ऊन. त्यांनी गाडी रस्त्याकडेला घातली आणि सगळ्यांना सामान काढायला पिटाळले.

कॅमेरा लागला, पण प्रकाश मोजायचा मीटर काही केल्या सापडेना. ऊन सरकत होते. अशा वेळी ॲडम्स यांना एक आकडा आठवला : चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल. फिल्मचा वेग ६४, त्याचे वर्गमूळ ८. म्हणजे एफ/८ वर सेकंदाच्या अडीचशेव्या भागात चंद्र मधल्या राखाडी छटेत येईल. तो उजळ दिसायला हवा, म्हणून प्रकाश चौपट : सुमारे साठावा भाग. फिल्टरसाठी तिप्पट : विसावा भाग. भिंगाचे तोंड एफ/३२ पर्यंत बारीक करायचे असल्याने आणखी सोळापट. उत्तर आले साधारण एक सेकंद. त्यांनी खटका दाबला. खात्रीसाठी दुसरा फोटो घ्यावा म्हणून फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. म्हणून ‘मूनराइज, हर्नांडेझ’ची निगेटिव्ह एकच आहे.

एवढे आकडे लक्षात ठेवणाऱ्या माणसाने तारीख मात्र लिहून ठेवली नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी या फोटोला १९४० ते १९४४ अशी वेगवेगळी वर्षे दिली. शेवटी हे काम खगोलशास्त्राने केले. फोटोतली चंद्राची जागा आणि डोंगरांच्या रेषा यांवरून १९८१ मध्ये डेव्हिड एलमोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. दहा वर्षांनी डेनिस डी चिको यांनी हिशेब नव्याने केला. दुरुस्त उत्तर : १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे. हर्नांडेझ आजही महामार्गाला लागून आहे, आणि तिथे जाऊन तो फोटो मिळत नाही.

बरे, निगेटिव्ह हातात आली तरी काम संपले नव्हते. तिचा खालचा भाग फारच फिका होता. १९४८ मध्ये तो रसायनाने गडद केला गेला. डार्करूममध्ये आकाशाचा भाग जास्त प्रकाश देऊन काळा करावा लागे, आणि वर्षे गेली तसे ॲडम्स ते अधिकाधिक काळे करत गेले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात पुसट ढग दिसतात, १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये ते गायब आहेत. एकाच निगेटिव्हवरून त्यांनी तेराशेहून अधिक प्रिंट स्वतः काढल्या. त्यातली एक १९८१ मध्ये ७१,५०० डॉलरला विकली गेली, तेव्हा तो विक्रम होता.

जग पेटलेले असताना डोंगरांचे फोटो?

ॲडम्स यांच्यावर हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. महामंदी, मग महायुद्ध, आणि हा माणूस खडक आणि झाडे टिपतोय, असा आक्षेप घेणाऱ्यांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखे मोठे फोटोग्राफरही होते. आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही.

जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार रहिवाशांना छावण्यांत डांबले. त्यातले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. कॅलिफोर्नियातली मांझानार ही त्यातली एक छावणी, नेमकी सिएराच्या पूर्व पायथ्याशी. १९४३ मध्ये ॲडम्स तिथे गेले. टेहळणीचे मनोरे, काटेरी तारा आणि पहारेकरी टिपायला मनाई होती. त्यांनी माणसांचे चेहरे टिपले. शेतात काम करणारे, शाळेत शिकणारे, वर्तमानपत्र विकत घेणारे. १९४४ मध्ये, युद्ध सुरू असतानाच, ‘बॉर्न फ्री अँड इक्वल’ हे पुस्तक निघाले. छावणीतले आयुष्य त्यात फार नीटनेटके दिसते, ही टीका रास्त आहे. पण त्या वर्षी, त्या वातावरणात शत्रू ठरवलेल्या लोकांचे हसरे चेहरे पुस्तकात छापणे सोपे नव्हते. १९६५ मध्ये त्यांनी या निगेटिव्ह अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला देऊन टाकल्या.

त्याच काळात जवळच्या लोन पाइन गावातून त्यांनी सिएरावरचा सूर्योदय टिपला. कडाक्याच्या थंडीत चार पहाटे रिकाम्या हाताने परतल्यावर पाचव्या पहाटे प्रकाश जुळून आला. फोटोत डाव्या बाजूच्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी लिहिलेली ‘एल’ आणि ‘पी’ ही अक्षरे होती. ॲडम्स यांनी ती निगेटिव्हमधून पुसून टाकली.

अक्षरे पुसली यात फार बिघडले नाही. पण योसेमिटीच्या मोकळ्या, माणूस नसलेल्या फ्रेम पाहताना एक गोष्ट माहीत असायला हवी. ते खोरे रिकामे नव्हते. अवाहनीची लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियनने त्यांना हुसकावले. जे परतले त्यांच्या वंशजांची शेवटची घरे १९६९ मध्ये, म्हणजे ॲडम्स हयात असताना, हटवली गेली. जगाला ठाऊक असलेल्या त्यांच्या योसेमिटीत या लोकांना जागा नाही.

फोटोंनी जागा वाचते की बुजबुजते?

दोन्ही घडले. १९३६ मध्ये सिएरा क्लबने ॲडम्स यांना फोटोंचा गठ्ठा घेऊन वॉशिंग्टनला पाठवले. मागणी होती किंग्ज कॅन्यन खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्याची. तेव्हा काही झाले नाही. १९३८ मध्ये त्यांचे ‘सिएरा नेवाडा : द जॉन म्युर ट्रेल’ हे पुस्तक आले. त्याची प्रत गृहमंत्री हॅरॉल्ड इकिस यांच्यामार्फत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचली. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले. श्रेय एकट्या पुस्तकाचे नाही, पण ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती अशा लोकांसमोर ती ठेवण्याचे काम त्याने केले.

दुसरी बाजूही आहे. पोटापाण्यासाठी ॲडम्स यांनी १९३० च्या दशकात योसेमिटीत हॉटेले चालवणाऱ्या कंपनीसाठी जाहिरातींचे फोटो काढले. पर्यटक यावेत हाच त्यांचा उद्देश. १९६९ मध्ये त्यांचा योसेमिटीचा फोटो कॉफीच्या डब्यावर झळकला. त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवले त्या १९१६ मध्ये तिथे वर्षभरात सुमारे ३३ हजार लोक आले होते. २०१६ मध्ये आले ५० लाखांहून अधिक. या वाढीमागे मोटारी, रस्ते आणि युद्धानंतरची सुबत्ता आहे, पण लोकांना कुठे जायचे ते सांगणाऱ्यांत हे फोटोही होते. गेल्या काही वर्षांत काही हंगामांत उद्यानात शिरायला आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली. फेब्रुवारीत मावळत्या उन्हात हॉर्सटेल धबधबा केशरी दिसतो. तो टिपायला जमणाऱ्या गर्दीने नदीकाठची झुडपे तुडवली, म्हणून काही जागा बंद कराव्या लागल्या.

हे घडताना दिसत होते तेव्हा ॲडम्स गप्प बसले नाहीत. १९५० च्या दशकात योसेमिटीतला टायोगा रस्ता रुंद करण्यासाठी टेनाया सरोवराकाठचा ग्रॅनाइट सुरुंगाने फोडायला त्यांनी कडाडून विरोध केला. त्यात ते हरले. १९६१ मध्ये रस्ता झाला. आज त्याच रस्त्याने जाऊन लोक सरोवराचे फोटो काढतात.

१९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. २२ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी योसेमिटीलगतच्या एका संरक्षित वनक्षेत्राला त्यांचे नाव दिले गेले, १९८५ मध्ये उद्यानातल्या एका शिखराला.

वायोमिंग राज्यात ग्रँड टिटन उद्यानाच्या रस्त्यावर स्नेक रिव्हर ओव्हरलूक नावाचा थांबा आहे. १९४२ मध्ये ॲडम्स यांनी इथून नदीचे नागमोडी वळण आणि मागची टिटन शिखरे टिपली. लोक आजही मोबाइलमध्ये तो फोटो उघडून, कठड्याशी उभे राहून तीच चौकट शोधतात. ती सापडत नाही, कारण मधल्या काळात खालची झाडे उंच वाढली आणि नदीचे वळण त्यांच्याआड गेले. मूळ फोटो १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ११६ चित्रांपैकी एक म्हणून घातला. ती दोन्ही याने आता पृथ्वीपासून दोन हजार कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहेत, आणि त्यांच्यातल्या प्रतीत नदी अजून पूर्ण दिसते.